दहिवरापासून उलटं मोजा

जबलपूरचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला या गावात थंडीने रोपं मरतात, हे चटकन पटत नाही. मे महिन्यात इथला पारा 42 अंशांच्या पुढे जातो. कर्कवृत्त जबलपूर जिल्ह्यातूनच, सिहोऱ्याच्या बाजूने जातं आणि शहर त्या रेषेच्या दक्षिणेला आहे. म्हणजे नकाशाच्या हिशेबाने आपण उष्ण कटिबंधात राहतो. जानेवारीतही दुपारी 24-25 अंश असतात आणि अंगातला स्वेटर नकोसा होतो. अशाच एखाद्या लख्ख उन्हाच्या दिवसानंतरची रात्र उलटते आणि सकाळी टोमॅटोचे वाफे, बटाट्याचे सरे, तुरीचा शेंगांनी लगडलेला पट्टा कोमेजून पडलेला असतो. इकडचा शेतकरी म्हणतो, ‘पाला मार गया’. मराठीत आपण त्याला दहिवर म्हणतो.

अशा प्रदेशात थंडीला नाजूक असलेलं पीक नेमकं कधी लावायचं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. थंडी कमी म्हणून माणूस गाफील राहतो, आणि थंडी टाळायची म्हणून लागवड लांबवली तर पुढे उन्हाळा उभा असतो. माझ्या मते याचं उत्तर ‘अमुक तारखेला लावा’ असं नाही. धोक्याचे दिवस आधी पक्के करायचे, त्या दिवसांत आपलं पीक कोणत्या अवस्थेत असलेलं चालेल ते ठरवायचं आणि तिथून उलटं मोजत पेरणीच्या दिवसापर्यंत यायचं. जबलपूरच्या मटार उत्पादकांनी हे गणित फार चांगलं बसवलं आहे. परसबागेत चार रोपं लावणाऱ्यालाही ते जमण्यासारखं आहे.

तारीख नव्हे, धोक्याचे दिवस

युरोपात या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर असतं. जर्मन भाषक मुलखात 11 ते 15 मे हे दिवस काही ख्रिस्ती संतांच्या नावाने ओळखले जातात, आणि ते संत उलटून गेल्याशिवाय टोमॅटोचं रोप उघड्यावर लावायचं नाही, असा तिथल्या बागायतदारांचा जुना शिरस्ता आहे. तिथे हिवाळा म्हणजे सलग गोठलेले महिने. वसंतातलं शेवटचं दहिवर आणि शरदातलं पहिलं दहिवर यांच्यामधला काळ हाच लागवडीचा हंगाम.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. जबलपूरच्या परिसरात वर्षातले दहा-साडेदहा महिने दहिवराचा प्रश्नच नसतो. धोका असतो तो साधारण 20 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, क्वचित फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. या काळातही रोज काही दहिवर पडत नाही. एखाद्या वर्षी दोन-तीन रात्री पडतं, एखाद्या वर्षी पडतच नाही. पण याच काळात इथली रब्बीची पिकं ऐन भरात असतात. थंड देशात हिवाळ्यात शेत मोकळं असतं, आपल्याकडे ते फुलांनी आणि शेंगांनी भरलेलं असतं. म्हणूनच उष्ण मुलखातल्या दोन रात्री थंड मुलखातल्या दोन महिन्यांपेक्षा महाग पडतात.

एका रात्रीत काय घडतं

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत असते. वर ढग असले, हवेत भरपूर बाष्प असलं, तर त्यातली बरीच उष्णता जमिनीकडे परत येते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की ती निघून जाते. जमीन झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि गार हवा जड असल्याने खालीच बसून राहते. वारा असेल तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळते आणि पीक वाचतं. वारा पडला की ती सोयही जाते.

हे सगळं जुळून कधी येतं, तर पश्चिमी विक्षोभ सरकल्यानंतर. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या या प्रणाली उत्तर भारतावरून पूर्वेकडे जातात. त्या येतात तेव्हा ढग दाटतात, मावठ्याचा पाऊस पडतो आणि रात्री उबदार राहतात. त्या सरकल्या की मागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे येतात आणि आकाश स्वच्छ होतं. अनुभवी शेतकरी याच खुणा पाहतो. दुपारी अंगाला झोंबणारा गार वारा, सूर्यास्ताच्या सुमारास तो एकाएकी थांबणं आणि डोक्यावर एकही ढग नसणं, या तीन गोष्टी एका दिवशी दिसल्या की ती रात्र जागायची.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. बातम्यांत सांगितलं जाणारं किमान तापमान जमिनीवरचं नसतं. वेधशाळेतला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर ठेवलेला असतो. निरभ्र, निवांत रात्री गवताच्या पात्याशी पारा त्याहून तीन ते पाच अंशांनी खाली असू शकतो. म्हणून ‘जबलपूर 4 अंश’ असं वाचलं की आपल्या वाफ्यात शून्य आहे असं समजावं. आणि सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं. ते सूर्योदयाच्या आसपास असतं, कारण तोपर्यंत जमीन उष्णता गमावतच असते.

दहिवर नेहमी पांढरंच दिसतं असंही नाही. हवेत बाष्प असलं तर आधी दव पडतं आणि बाष्पाचं पाणी होताना थोडी उष्णता बाहेर पडते. त्यामुळे तापमान घसरण्याचा वेग कमी होतो. पुढे पारा शून्याखाली गेला तर पानांवर पांढरे कण दिसतात. हवा फारच कोरडी असली तर दवही पडत नाही, पांढरं काही दिसत नाही, आणि रोप मात्र आतून गोठतं. अशी कोरडी रात्र अधिक घातक असते. सकाळी शेत हिरवंच दिसतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं.

थंड हवा उतारावरून पाण्याप्रमाणे खाली वाहते आणि सखल भागात साठते. त्यामुळे एकाच गावात टेकडीच्या उतारावरचं शेत वाचतं आणि नाल्याकाठचं जातं. शेताच्या खालच्या अंगाला दाट कुंपण किंवा उंच बांध असेल तर थंड हवा तिथे अडून राहते. लागवडीची वेळ ठरवताना जागेचा हा स्वभाव हिशेबात धरायलाच हवा. सखल शेताचे धोक्याचे दिवस थोडे आधी सुरू होतात आणि थोडे उशिरा संपतात.

रोपाच्या आत

पान गोठतं म्हणजे नेमकं काय होतं? बर्फ आधी पेशींच्या आत तयार होत नाही, तो पेशींच्या मधल्या पोकळीत तयार होतो. तिथला बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. पेशी आकसते, तिचं पातळ आवरण फाटतं. सकाळी ऊन आलं की बर्फ वितळतो, पण फाटलेल्या पेशीला ते पाणी परत घेता येत नाही. पान सकाळी उकडलेल्या पालकासारखं लिबलिबीत, गडद आणि ओलसर दिसतं. दुपारी कोमेजतं आणि संध्याकाळपर्यंत काळं पडतं. मटाराच्या शेंगेवर ही इजा वेगळी दिसते. शेंगेच्या सालीवर पांढुरके चट्टे उठतात, बोटांनी दाबली तर ती फुसकी लागते आणि सोलली की आत दाण्यांऐवजी पाणचट, सुरकुतलेले ठिपके हाताला येतात. बाजारात अशा शेंगेला कोणी विचारत नाही.

थंड देशातली झाडं बर्फात कशी टिकतात? त्यांना तयारीला वेळ मिळतो. आठवड्यामागून आठवडे तापमान हळूहळू उतरतं, पेशींत साखर वाढते, आवरणांची घडण बदलते, वाढ थांबते. जबलपुरात दुपारी 25 अंश आणि पहाटे 4 अंश असं चालतं. दिवसभराच्या उबेत रोप वाढतच राहतं, कोवळी पालवी फोडतं, फुलतं; आणि त्या बेसावध अवस्थेत त्याला रात्र गाठते. उबदार हवामानातली थंडी धोक्याची असते ती यामुळेच.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. डिसेंबर 1894 च्या अखेरीस तिथे कडाका पडला. संत्र्यांची फळं आणि पानं गेली, पण बहुतेक झाडं तगली. नंतरचा महिना उबदार गेला, झाडांत रस चढला, नवी पालवी आली. फेब्रुवारी 1895 मध्ये दुसरा कडाका आला आणि त्याने हीच रसाने भरलेली झाडं मुळापर्यंत मारली. त्यानंतर तिथली संत्र्यांची लागवड दक्षिणेकडे सरकली. पहिली थंडी झाडांनी सोसली होती. ती मेली दोन थंड्यांच्या मधल्या उबेमुळे. आपल्याकडेही डिसेंबरात युरियाचा जादा हप्ता देऊन पीक लुसलुशीत करणारा माणूस नकळत हेच संकट ओढवून घेतो.

मटार: जबलपूरचं उत्तर

पाटण, शहापुरा, पनागर, मझौली, सिहोरा हा जबलपूर जिल्ह्यातला मटाराचा मुलूख. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या वाट्याला हिरवा मटारच आला आहे. मटाराचं रोप तसं थंडीचं लाडकं. त्याची पानं हलकं दहिवर सोसतात. सोसत नाहीत ती फुलं आणि कोवळ्या शेंगा. म्हणजे प्रश्न इतकाच उरतो की 20 डिसेंबरला मटार फुलोऱ्यात असावा की काढून झालेला असावा.

1964 साली स्थापन झालेल्या इथल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने या प्रश्नावर काम केलं. टी-19 आणि अर्ली बॅजर या वाणांच्या संकरातून निवडलेला ‘जवाहर मटर 3’ हा त्यांचा वाण ‘अर्ली डिसेंबर’ या नावानेही ओळखला जातो. पेरल्यापासून साधारण 50 दिवसांत त्याची पहिली तोडणी येते. टी-19 आणि लिटल मार्व्हल यांच्या संकरातून आलेला ‘जवाहर मटर 4’ सुमारे 70 दिवस घेतो. अर्केलसारखा लवकर येणारा वाणही शेतकऱ्यांत रुळलेला आहे.

आता उलटं मोजून पाहा. 20 डिसेंबरच्या आत शेवटची तोडणी व्हायला हवी. तोडण्या दोन-तीन होतात, त्यांत आठ-दहा दिवसांचं अंतर असतं. म्हणजे पहिली तोडणी नोव्हेंबरअखेरीस यायला हवी. त्यातून 50 दिवस वजा केले की आपण येतो 10 ऑक्टोबरच्या आसपास. जो 10 नोव्हेंबरला पेरतो, त्याचा मटार बरोबर नाताळाच्या सुमारास फुलतो आणि जानेवारीभर कोवळ्या शेंगा घेऊन उभा राहतो. त्याच्या शेतात आलेलं दहिवर दैवाने आलं असं म्हणता येणार नाही. ते पेरणीच्या तारखेतच लिहिलेलं होतं.

मग सप्टेंबरातच का पेरू नये? काही जण पेरतातही, कारण आधी बाजारात येणाऱ्या शेंगेला भाव असतो. पण त्या वेळी जमीन गरम आणि ओली असते. बी कुजतं, उगवलेली रोपं मर रोगाने जातात, ताटं खुरटी राहतात. पावसाळा सरून जमिनीला वाफसा यावा लागतो आणि रात्री थोड्या निवाव्या लागतात. उशिराच्या टोकाला दहिवराबरोबर भुरी रोगही वाट पाहत असतो. लवकरची घाई आणि उशिराची ढिलाई यांच्यामध्ये चांगल्या पेरणीला तीनेक आठवडे मिळतात, आणि जिल्ह्याचा मटार त्या तीन आठवड्यांवर उभा आहे.

आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी पेरण्या नक्षत्रांवर बांधल्या त्यामागेही शहाणपण होतं. ही नक्षत्रं सूर्याची आहेत. हस्त 27 सप्टेंबरच्या सुमारास लागतं, चित्रा 10 ऑक्टोबरच्या, स्वाती 24 ऑक्टोबरच्या. तिथी चंद्राप्रमाणे पुढेमागे सरकतात. रथसप्तमी एका वर्षी जानेवारीअखेरीस, तर दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर येते. सूर्यनक्षत्रं मात्र हवामानाशी इमान राखतात. चित्रात पेरलेला मटार दहिवराआधी हाती येतो, हे गणित पंचांगातूनही तंतोतंत निघतं.

हवेली, हरभरा आणि तूर

सगळ्यांनाच पेरणीची तारीख निवडता येत नाही. नर्मदेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात शेताभोवती उंच बांध घालून पाणी साठवायचं, तण कुजवायचं, जमिनीला पोटभर पाणी पाजायचं आणि पावसाळा सरला की पाणी सोडून देऊन त्याच ओलीवर हरभरा, मसूर, गहू पेरायचा. वरच्या शेताचं पाणी खालच्या शेतातून जातं, म्हणून पाणी सोडण्याची तारीख एकट्याची नसते, ती शेजाऱ्यांसह ठरते. खालच्या शेतकऱ्याची पेरणी लांबली की त्याचा फुलोराही लांबून दहिवराच्या दिवसांत येतो. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या कालव्यांनी पुढे या भागातल्या अनेकांना ओलिताची सोय दिली. ज्याच्या हाती पाणी, त्याच्या हाती तारीख, असा फरक त्यातून पडला.

हरभऱ्याचा एक गुण इथे उपयोगी पडतो. त्याचा फुलोरा एका झटक्यात संपत नाही. डिसेंबरात पहिली फुलं गेली तरी हवा उबदार झाल्यावर तो पुन्हा फुलतो. नुकसान मोठं होतं ते घाटे दुधात असताना. तुरीला मात्र ही सवलत कमी. जून-जुलैत पेरलेली लांब मुदतीची तूर डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरत असते, नेमकी धोक्याच्या दिवसांत. तूर लवकर पेरावी म्हटलं तर पावसाआधी पेरता येत नाही. म्हणून तिथे तारखेऐवजी वाण बदलावा लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि जबलपूरचं कृषी विश्वविद्यालय यांनी मिळून दिलेला ‘टीजेटी 501’ हा वाण सुमारे पाच महिन्यांत येतो आणि दहिवराआधी बरंचसं काम उरकतो. पेरणीचा दिवस हलवता येत नसेल तर पिकाची मुदत आखूड करा, असा याचा अर्थ.

हे गणित चुकल्यावर काय होतं ते मध्य प्रदेशाने जानेवारी 2011 मध्ये पाहिलं. त्या महिन्यातल्या कडाक्याने राज्यभर तूर, हरभरा, मसूर आणि भाजीपाल्याची मोठी हानी केली. केंद्राच्या मदतीसाठी पात्र असलेल्या नैसर्गिक आपत्तींच्या यादीत तेव्हा दहिवर नव्हतंच. पूर, दुष्काळ, गारपीट यांना जे स्थान होतं, ते एका रात्रीत शेत जाळणाऱ्या थंडीला नव्हतं. पुढे 2012 मध्ये शीतलहर आणि पाला यांचा त्या यादीत समावेश झाला. उष्ण देशातही थंडी ही आपत्ती असू शकते, हे सरकारदरबारी मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

टोमॅटो: दोन्हीकडून कोंडी

मटाराला फक्त दहिवर टाळायचं असतं. उन्हाळी टोमॅटोला दहिवर आणि ऊन दोन्ही टाळायची असतात, म्हणून त्याचं गणित अधिक नाजूक आहे. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीचं 21-22 अंशांच्या वर जाऊ लागलं की टोमॅटोची फुलं येतात पण फळ धरत नाही. जबलपुरात मार्चमध्ये दुपारी 32 ते 34 अंश असतात, एप्रिलमध्ये पारा 40 कडे जातो. म्हणजे मुख्य फुलोरा मार्चमध्येच यायला हवा. रोप लावल्यापासून फुलोऱ्याला महिनाभर लागतो, म्हणून रोप फेब्रुवारीच्या सुरुवातीला जमिनीत जायला हवं. थंडीत बियाण्यापासून लावण्याजोगं रोप व्हायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे बी डिसेंबरच्या मध्यावर टाकायचं, आणि ती कोवळी रोपं संपूर्ण धोक्याचा काळ गादीवाफ्यावर, आच्छादनाखाली काढणार. लहानशा वाफ्यावर रोज संध्याकाळी प्लॅस्टिक ओढणं कोणालाही जमतं; एकरभर उभ्या पिकावर ते जमत नाही.

घाई करून 5 जानेवारीलाच रोपं लावली तर? दहिवर नाही पडलं तरी फायदा थोडाच होतो. गार मातीत मुळं हलत नाहीत, रोप महिनाभर जागच्या जागी बसून राहतं आणि फेब्रुवारीत लावलेलं रोप त्याला गाठतं. उशीर करून 25 फेब्रुवारीला लावली तर फुलोरा मार्चअखेरीस येतो आणि उन्हात गळतो. जानेवारीचे शेवटचे दिवस ते फेब्रुवारीचा मध्य, एवढेच पंधरा-वीस दिवस खरे कामाचे. काकडी, दुधी, दोडका, कलिंगड यांनाही हाच न्याय. त्यांची रोपं जानेवारीत पिशव्यांत, आडोशाला तयार करून फेब्रुवारीत लावली तर उन्हाळ्याआधी पुरेसा वेळ मिळतो.

पपई, केळी, द्राक्ष

वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या झाडांना दहिवराचे दिवस टाळता येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रश्न असा विचारायचा, की पहिल्या हिवाळ्यात झाड किती मोठं असेल? जुलैत लावलेली पपई डिसेंबरात जेमतेम पाच महिन्यांची असते, बुंधा कोवळा आणि शेंडा हाताला येणारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेली पपई तोवर नऊ-दहा महिन्यांची, जाड बुंध्याची होते. दहिवराने तिची पानं जळतील, पण शेंडा वाचण्याची शक्यता पुष्कळ. म्हणून जबलपूरसारख्या ठिकाणी पपई हिवाळा सरताच लावावी, उन्हाळाभर पाणी द्यावं आणि पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. ऑक्टोबरातली लागवड इथे टाळलेलीच बरी. आंबा, लिची यांची कलमं पावसाळ्यात लावतात, तेव्हा पहिले दोन हिवाळे त्यांच्याभोवती गवताचा कूड उभारावा आणि सकाळचं ऊन मिळावं म्हणून आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी.

हा प्रश्न एकट्या जबलपूरचा नाही. जळगाव-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात मृग बाग आणि कांदे बाग अशा लागवडीच्या दोन वेळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. केळीला दहिवराची गरजही नसते, पारा बराच काळ 12 अंशांखाली राहिला तरी तिला थंडी बाधते. पानं पिवळी पडतात, आणि ऐन थंडीत निसवणाऱ्या झाडाचा घड नीट बाहेर न पडता पोंग्यातच अडकतो. म्हणून तिथेही निसवण कोणत्या महिन्यात येईल हे पाहूनच लागवड ठरवावी लागते. निफाडला डिसेंबर 2018 मध्ये पारा 2 अंशांच्या खाली गेला होता. पाण्याने भरत आलेले द्राक्षमणी अशा थंडीत तडकतात. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीची तारीख ठरवते की त्या रात्री मणी कोणत्या अवस्थेत असतील. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवून आणि ठिबक सुरू करून बागायतदार आपला घास वाचवायला धडपडतो.

घरच्या अंगणातही हेच. नेपियर टाउन, राइट टाउन, गोलबाजार या भागांतल्या मराठी घरांत तुळस, अळू, मोगरा, कढीपत्ता यांच्याशिवाय अंगण पुरं होत नाही. यांतली तुळस सगळ्यांत हळवी. पौषात तिची पानं काळवंडतात आणि लोक ती गेली असं समजून उपटून टाकतात. तिच्यावर संध्याकाळी कापड घालावं, सकाळी काढावं, मंजिऱ्या खुडून टाकाव्यात आणि फेब्रुवारी सरेपर्यंत वाट पाहावी. खोड हिरवं असेल तर ती फुटते. नवीन तुळस लावायची असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी लावा; तुळशीविवाहाला आणलेलं कोवळं रोप लगेच उघड्यावर लावू नका.

तरीही ती रात्र आलीच तर

वेळ कितीही साधली तरी काही पीक धोक्याच्या दिवसांत उभं राहणारच. त्या रात्रीसाठी पहिलं साधन पाणी. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. शिवाय पाणी गोठताना दर ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. संध्याकाळी हलकं पाणी दिलेल्या शेतात तापमान एक-दोन अंशांनी वर राहतं, आणि बऱ्याचदा तेवढाच फरक पीक वाचवतो. धूर रात्रभर, शेताच्या वाऱ्याकडच्या बांधावर, आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून केला तरच थोडा उपयोग होतो. त्यातही धुरापेक्षा आगीची ऊब महत्त्वाची. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात आधीच फवारण्याची शिफारस कृषी तज्ज्ञ करतात. कुंडीतल्या झाडांना पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवा, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. आच्छादन जमिनीपर्यंत पोचलेलं असावं, नाहीतर खालून येणारी ऊब निसटून जाते. आणि दहिवर पडून गेल्यावर जळलेल्या फांद्या लगेच छाटू नका. नवी पालवी दिसली की मगच छाटा.

हे सगळं खर्चाचं आणि जागरणाचं काम आहे. वेळेवर केलेल्या पेरणीला मात्र एक पैसाही जादा लागत नाही.

म्हणून यंदा पेरणीआधी एक वही काढा आणि तीन गोष्टी लिहा. आपल्या जागेचे धोक्याचे दिवस, आपल्या वाणाला फुलोऱ्यापर्यंत लागणारे दिवस, आणि पहिल्या तोडणीपर्यंत लागणारे दिवस. डिसेंबर-जानेवारीत एक साधा तापमापक वाफ्यात, जमिनीलगत, उघड्या आकाशाखाली ठेवा आणि रोज सकाळचा आकडा नोंदवा. शहराच्या आकड्याशी त्याचा फरक किती पडतो ते दोन हिवाळ्यांत कळेल. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो नेमाने वाचा. दहिवर कोणत्या रात्री पडेल ते आपल्या हाती नाही. त्या रात्री आपलं पीक किती वयाचं असेल, हे पूर्णपणे आपल्या हाती आहे.